निळ्या मुठीचे चाकू

नवे चाकू आले त्याच दिवशी सगळ्यांनी ठरवून टाकलं की हे भिकार आहेत.

निळी प्लास्टिकची मूठ, पातं आरशासारखं चकचकीत. आधीचे पिवळ्या मुठीचे होते, महागातले. ते बंद झाले. ऑफिसात कुणीतरी ठरवलं आणि आमच्यापर्यंत फक्त खोका आला.

"चमच्याचं स्टील आहे हे," रॉडनी म्हणाला. "पावावर जॅम लावायला बरं. घरी नेऊन बायकोला देतो."

"घेईल ती?"

"ती मलाच घेत नाही घरात, चाकू कुठला घेते."

हसले सगळे. रॉडनी टेबलाच्या पलीकडे, माझ्या बरोबर समोर उभा राहतो. याच गावचा. बापही याच कारखान्यात मेंढ्या सोलायचा. तोंड बंद ठेवलं तर त्याला ताप येत असावा.

आम्ही हाडं काढतो. मेंढीचं धड साखळीवरून येतं, करवतवाला त्याचे तुकडे पाडतो, खांदे आमच्या टेबलावर येतात. खांद्यात फावड्यासारखं एक चपटं हाड असतं. ते सोडवायचं, मांस पट्ट्यावरून पुढे ढकलायचं, हाड आपापल्या टोपलीत टाकायचं. मग पुढचा खांदा. खोली फ्रिजसारखी थंड असते. सकाळी पहिल्यांदा नाक बधिर होतं, मग कान, मग डोकं. मला ते आवडतं खरं तर. काही आठवत नाही.

स्टीलबद्दल मी वाचत असतो. शाळेत नाही शिकलो, शाळा मी मध्येच सोडली. फोनवर वाचतो, व्हिडिओ बघतो, मग घरी दगडावर करून बघतो. एक भिंगही घेतलंय, घड्याळवाले डोळ्याला लावतात तसलं.

तर स्वस्त स्टेनलेसला सगळं जग शिव्या देतं. फोनवर तर जास्तच. घरात बसून टोमॅटो कापणारी माणसं देतात. मऊ असतं म्हणतात. असतं. धार लवकर जाते म्हणतात. जाते. पण मऊ असतं म्हणूनच हाडावर आपटलं तर त्याचा टवका उडत नाही, धार नुसती वाकते. वाकलेली धार सळईवर दोनदा इकडून, दोनदा तिकडून फिरवली की सरळ. गंजत नाही. दिवसभर चरबी, मीठ आणि गरम पाणी यात राहायचं असेल तर अजून काय पाहिजे माणसाला? आणि खरोखर वाईट निघतं तेव्हा बहुतेक वेळा दोष भट्टीचा असतो. तापवताना घाई केली, पाणी नीट पाजलं नाही. केलं कुणी, शिव्या खाल्ल्या स्टीलने.

मी एकदा महागडा चाकू घेतला होता, एकदम कडक स्टीलचा. पहिल्याच सकाळी खांद्याच्या हाडाला लागला आणि धारेला दात पडले. रॉडनी अजून विचारतो, "काय रे, ती करवत कुठंय तुझी?"

निळे चाकू मी भिंगाखाली बघितले. हाडावर घासून बघितले. वाईट नव्हते. पण तेव्हा बोललो नाही. कारण सगळ्यात मोठ्याने शिव्या देत होता तो माझा मामा.

फेलेती मामा माझ्या डाव्या बाजूला उभा राहायचा. टेबलाच्या तोंडाशी, पहिल्या जागेवर. पहिली जागा सगळ्यात चांगल्या माणसाची, कारण त्याच्या हाताच्या वेगाने सगळं टेबल चालतं. आमच्या टोंगा बेटांवरून आला तेव्हा मामा खोके उचलायचा. मग चाकू मिळाला. मग ही जागा. मला, इनोकेला, इथे त्यानेच लावलं.

या गावात आमची बरीच घरं आहेत. नवीन माणूस भेटला की आमच्यात कोणी 'काय करतोस' विचारत नाही. 'चाकू आहे का?' विचारतात. आहे म्हणालात की तुम्हाला चटईवर वरच्या बाजूला बसवतात. मामा रविवारी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसला तरी लोक माना वळवून हात करायचे.

"याची धार म्हणजे पाद्रीबाबांचं वचन," मामा चाकूबद्दल म्हणायचा. "रविवारी असते, सोमवारी नसते."

डॅरेल आमचा मुकादम. वाईट माणूस नाही. त्याचं काम टोपल्यांत हात घालून हाडं बघायचं. हाड पांढरं पाहिजे. हाडावर मांस राहिलं म्हणजे ते कचऱ्यात गेलं. एक दिवस तो मामाच्या टोपलीतलं हाड घेऊन आला आणि मामाच्या नाकासमोर धरलं.

"फेलेती, यावर माझं जेवण होईल."

"घरी ने मग. बायकोला सांग सूप कर."

"मस्करी नाही. रोजचं झालंय."

"चाकू बदल. राहणार नाही."

"बाकीच्यांचे पण तेच चाकू आहेत."

"बाकीचे माझ्याएवढे खांदे काढतात का?"

हे खरं होतं, आणि नव्हतंही. मामाचा वेग मधल्या काळात कमी झाला होता. टेबलच त्याच्या वेगाने चालायचं, त्यामुळे कुणाला कळलं नव्हतं. सगळेच सावकाश झालो होतो.

डॅरेलने डोकं खाजवलं. मग म्हणाला, "ठीक आहे. गुरुवारी दोन कोरे चाकू काढतो. एक तुला, एक इनोकेला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यानेच काढा. दोघांच्या हाडावर मांस राहिलं तर खोका मी स्वतः ऑफिसात नेऊन आपटतो."

"आणि नाही राहिलं तर?" रॉडनीने विचारलं. त्याला कोण विचारतंय, पण विचारलं.

"तर मग प्रश्न चाकूचा नाही," डॅरेल म्हणाला. त्याने मामाकडे बघितलं नाही.

प्रश्न चाकूचा नसेल तर माणसाचा. आणि माणसाचा असेल तर चाकू जातो, माणूस पॅकिंगला. पॅकिंगला गेलेला कुणी चाकूवर परत आलेला मी बघितलेला नाही.

*

त्याच दिवशी चहाच्या सुट्टीत मी मामाचा चाकू घेतला. न विचारता. त्याच्या कमरेच्या डब्यातून उपसला आणि चालायला लागलो.

रॉडनीचा चहा घशात अडकला. "ए, वेडा झालास? दुसऱ्याचा चाकू उचलतोस? माझ्या बापाने यापायी एकाचं नाक फोडलं होतं!"

"तो माझा मामा आहे."

"मग?"

"मी त्याच्या बहिणीचा मुलगा. त्याचं काहीही घेऊ शकतो."

"काहीही?"

"काहीही," मामाच म्हणाला. तो पायरीवर बसून बिस्किट बुडवत होता. "गेल्या वर्षी माझा रेडिओ नेला याने. त्याच्या आधी डुक्कर. आमच्यात बहिणीची पोरं वरची असतात. मागितलं की द्यायचं. न मागता नेलं तरी हसायचं."

"नाही म्हटलं तर?"

"नाही म्हणायला आमच्या भाषेत शब्द आहे. पण भाच्यासमोर तो आठवत नाही."

रॉडनी म्हणाला, "माझ्या बहिणीला पाच पोरं आहेत. हे त्यांना सांगू नका."

मी मागच्या बाजूला जाऊन चाकू भिंगाखाली धरला.

धारेला तार होती. दगडावर घासलं की धारेच्या पलीकडे स्टीलचा केसासारखा पदर उलटतो, त्याला आम्ही तार म्हणतो. धार लावून झाली की ती काढायची असते. नाही काढली तर चाकू लावल्या लावल्या भारी वाटतो, पण चार-दोन खांद्यांत तार दुमडते आणि चाकू बोथट. मग माणूस म्हणतो स्टील वाईट. मामाच्या चाकूला डब्याच्या कापलेल्या झाकणासारखी तार होती. टोकापासून मुठीपर्यंत.

मला आनंद झाला. खरंच. वाटलं, सापडलं. तार काढली, सळईवर चाकू हलकेच फिरवला, आणि त्यानेच जेवणापर्यंत काम केलं. मामाला माझा दिला. लोण्यातून गेल्यासारखा जात होता. हाडं खडूसारखी पांढरी.

संध्याकाळी धार लावायच्या खोलीत मामा एकटाच दगडाशी होता. मी म्हणालो, "मामा, स्टीलला काही झालेलं नाही. तुझी तार राहते."

"माझी?" तो हसला. "तार काढायला तुला शिकवलं कुणी?"

"तूच."

"मग? हे बघ." त्याने नुकती धार लावलेला चाकू उचलला, अंगठ्याचं पेर धारेवरून आडवं ओढलं. आम्ही असंच बघतो. डोळ्याला तार दिसत नाही, अंगठ्याला लागते. "स्वच्छ."

मी चाकू घेतला. माझा अंगठा ओढला. मांजराच्या जिभेसारखी तार लागली, सगळीकडे.

मी तो परत त्याच्या हातात दिला. "परत बघ."

त्याने परत अंगठा ओढला. या वेळी हळू. ओढताना तो चाकूकडे बघत नव्हता, माझ्या तोंडाकडे बघत होता. माझ्या तोंडावर काय दिसतंय त्यावरून उत्तर ठरवणार होता.

"आहे," म्हणाला. "जराशी आहे."

"कुठे?"

त्याने चाकू खाली ठेवला आणि दगड धुवायला लागला.

*

घरी आम्ही त्याच्या गाडीतूनच जायचो. मामा डाव्या हाताने चालवत होता. उजवा मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेला गहू. या रस्त्यावर बघायला तेवढंच.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"मामा."

त्याने आरशात मागचा ट्रक बघितला. मग म्हणाला, "झोपतो हात. झोपतो आणि उठतो. माणूस नाही का झोपत?"

"उठतो का पण?"

"सकाळी थोडा उठतो."

"डॉक्टरला दाखव."

"डॉक्टर काय करतो माहितीये? लिहितो. लिहिलं की झालं. लिहिलेलं डॅरेलकडे जातं." त्याने गाडीचा वेग कमी केला. मागचा ट्रक भोंगा वाजवत निघून गेला. "इनोके, गुरुवारी हाडावर मांस ठेव."

मी त्याच्याकडे वळून बघितलं.

"फार नाही. बोटभर. दोघांच्या हाडावर राहिलं की खोका परत. ते पिवळे येतील."

"पिवळ्यांनी तार कळणार आहे का तुला?"

"पिवळ्यांना धार जास्त वेळ राहते. मी घरी रात्री हळूहळू लावून आणीन. दुसऱ्या अंगठ्याने बघेन. मला थोडा वेळ पाहिजे, बस."

हे त्याचं बरोबर होतं. कडक स्टील माणसाची चूक थोडा वेळ झाकतं. स्वस्त स्टील काही झाकत नाही. हाताने जे केलं तेच दाखवतं.

त्याच्या घरी लेसिएली मामीने अळूच्या पानांत मटण आणि नारळाचं दूध बांधून शिजवलं होतं. मामा जेवायला बसला आणि त्याच्या हातातून पाण्याचा पेला सुटला. मामीने न बघता फडकं टाकलं. इतक्या सवयीने टाकलं की मीच तिच्याकडे बघत बसलो.

मामा आत गेल्यावर ती म्हणाली, "चर्चच्या शर्टाची बटणं मी लावते आता. कुणाला सांगू नकोस हं, बाळा. रात्री हात पलंगाखाली लोंबत ठेवून झोपतो. म्हणतो, रक्त उतरू दे."

"मामी, तो चाकू धरतो त्या हाताने."

"मला माहीत नाही का?" ती पानं आवरत म्हणाली. "पण चाकू नसला तर तो कोण?"

निघताना मी मामाला सांगितलं, ठेवतो मांस. का सांगितलं माहीत नाही. घरी जाऊन झोपलो. झोप लागली, याचंच नवल वाटलं.

*

गुरुवारी डॅरेलने आमच्या समोर दोन पुड्या फोडल्या. धार त्यानेच लावून घेतली होती, दुसऱ्या पाळीच्या माणसाकडून, म्हणजे कुणी काही बोलायला नको. एक चाकू मामाला, एक मला.

"पैज लावा रे," रॉडनी ओरडला. "म्हातारा की फोनवाला?"

"म्हातारा कुणाला म्हणतोस?" मामा म्हणाला. "तुझे दात मोज आधी."

काम सुरू झालं. आणि मी हाडावर मांस ठेवायला लागलो.

हे वाटतं तितकं सोपं नाही. चांगला चाकू हाडाला लागून आपोआप सरकतो, त्याला वाट माहीत असते. त्याला अडवून वर काढायचं, बोटभर मांस मुद्दाम सोडायचं. प्रत्येक खांद्याला. माझ्या हातात एक चांगली वस्तू होती आणि मी तिची बदनामी करत होतो. पण वाईट वगैरे वाटत नव्हतं. हात हलत होते.

डॅरेल मधे येऊन दोन्ही टोपल्या बघून गेला. जाताना ओठ दुमडले. दोन्हीकडे मांस होतं. मामा शीळ घालायला लागला, चर्चमधलं भजन. जमत होतं सगळं.

मामा पहिल्या जागेवर, त्यामुळे त्याचं काढलेलं मांस पट्ट्यावरून माझ्यासमोरून जायचं. त्यातल्या एका तुकड्याच्या पांढऱ्या चरबीवर लाल डाग होता. मी बघून न बघितल्यासारखं केलं. मग दुसऱ्या तुकड्यावर. तिसऱ्यावर पूर्ण पंजाचा ठसा.

थंड मांसातून लाल रक्त येत नाही. ते आदल्या दिवशीच वाहून गेलेलं असतं.

मी डावीकडे बघितलं. मामाच्या डाव्या हातात लोखंडी जाळीचा मोजा असतो, चाकूच्या हातात पातळ रबराचा. तो रबराचा मोजा तर्जनीच्या खाली फाटला होता. हात मुठीवरून पुढे घसरून पात्यावर गेला होता आणि तो तसाच कापत होता. मुठीवरून थेंब पडत होते. तो शीळ घालत होता.

"मामा," मी म्हणालो.

"मांस ठेव, मांस ठेव," तो हळूच म्हणाला. मान खाली.

"मामा, हात बघ."

"काय झालं हाताला?" त्याने खाली बघितलं. बघत राहिला. जसं शेजारच्या कुणाला लागलंय आणि आता काय करायचं ते सुचत नाहीये. आणि मग, हे मी डोळ्यांनी बघितलं, त्याने पुढचा खांदा ओढला.

मी माझा चाकू ठेवला. हात पुढे केला.

"दे चाकू."

"काय?"

"मला तुझा चाकू पाहिजे." मी आमच्या भाषेत बोललो, मोठ्याने. पट्ट्याच्या आवाजावर जाईल इतक्या मोठ्याने. "मी तुझ्या बहिणीचा मुलगा आहे आणि मला तो पाहिजे. आत्ता. जागाही पाहिजे."

टेबलाच्या त्या टोकाला आमची दोन माणसं होती. त्यांचे हात थांबले. मग रॉडनीचे. मग सगळ्यांचे.

मामाने माझ्याकडे बघितलं. नाही म्हणता येत नव्हतं त्याला. मला ते माहीत होतं आणि त्याला माहीत होतं की मला माहीत आहे. त्याने मूठ उघडायला सुरुवात केली. ती उघडेना. डाव्या हाताने एकेक बोट सोडवलं. मग चाकू माझ्या हातावर ठेवला, मूठ माझ्याकडे करून, नीट.

त्या दोघांतला एक, सायमोने नावाचा, त्या टोकाहून आमच्याच भाषेत ओरडला, "गेला! फेलेतीचा चाकू भाच्याने नेला! फेलेती, पँट धरून ठेव, तीही नेईल!"

आमचे दोघं खो खो हसले. रॉडनीला काही कळलं नाही, पण तोही हसला. मामाही हसला. हसावंच लागतं. रक्त अजून पडत होतं.

डॅरेलने पट्टा बंद केला. मामाचा हात फडक्यात गुंडाळला, गाडी बोलावली. "अरे बाबा, हाडापर्यंत गेलंय! दुखत नाही?"

"थंडीने," मामा म्हणाला.

गाडी यायला वेळ होता. डॅरेल माझ्या टोपलीकडे गेला, एक हाड काढलं. मामाच्या टोपलीतलं एक काढलं. दोन्ही घेऊन उभा राहिला.

"दोन्हीवर मांस आहे. म्हणजे चाकूच भिकार." मग माझं हाड फिरवून बघितलं. "पण इनोके, तुझी परवा पांढरी होती. याच चाकूंनी. मी स्वतः बघितली होती. आज काय झालं?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो मला अजून माहीत नाही.

"मी सांगितलं त्याला," मामा म्हणाला. फडकं धरून खोक्यावर बसला होता. "मांस ठेव म्हणून. त्याचा दोष नाही. मोठ्या माणसाने सांगितलं, त्याने केलं. चाकू चांगलाय, डॅरेल. खोका राहू दे."

"चांगलाय? महिनाभर शिव्या देतोयस!"

"चांगल्या माणसालाही देतो मी शिव्या."

"मग तुझ्या हाडावरचं हे मांस?"

"माझं काय विचारतोस," मामा म्हणाला. "माझा चाकू तर भाच्याने नेला. मी आता कशाने कापणार?"

कुणी हसलं नाही. डॅरेलने दोन्ही हाडं एकाच टोपलीत टाकली. मग गाडी आली.

*

निळे चाकू राहिले. मी टेबलावरच्या सगळ्यांना तार कशी काढायची ते परत दाखवलं. आता कुणी तक्रार करत नाही. रॉडनी नव्या माणसांना सांगतो की स्वस्त म्हणून नावं ठेवू नका, मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो हे चाकू बरे आहेत. त्याच्याशी कोण वाद घालणार.

पहिल्या जागेवर मी उभा राहतो. टेबल माझ्या वेगाने चालतं. चर्चमध्ये परवा एक म्हातारे गृहस्थ मागे वळून मला हात करत होते. मी मागे कोण आहे ते बघितलं. मागे भिंत होती. आपल्याला काहीतरी वाटायला पाहिजे, हे मला कळतं. वाट बघतोय.

मामाचे टाके निघाले तेव्हा मी त्याच्याबरोबर गेलो. टाके काढणाऱ्या डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी बोट बरं झालंय म्हणून सांगितलं आणि मग हात सोडलाच नाही. उलटा केला, अंगठ्याच्या मुळाशी दाबून बघितलं. तिथला मांसाचा उंचवटा बसलेला होता.

"फेलेती, डोळे मिटा," त्या म्हणाल्या. "मी कुठेतरी टोचेन. लागलं की 'हो' म्हणा."

मामाने डोळे मिटले. शर्टाला वरपर्यंत बटणं लावलेली होती.

"हो," तो म्हणाला.

बाईंची टाचणी अजून हातातच होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

त्यांनी अंगठ्याला टोचलं. मामा गप्प. टाचणी उचलली.

"हो," मामा म्हणाला. मग उगाच अजून एकदा, "हो, हो."

त्यांनी करंगळीला टोचलं.

"आई गं!" मामाने हात मागे ओढला. आणि हसला, डोळे मिटूनच. "लागलं की हे! ही लागली!"

"छान. अजून थोडं करू."

त्याने हात परत पुढे ठेवला. पण आता तो हसत नव्हता. आता त्याला आठवलं होतं, टोचलं की कसं असतं ते. बाईंनी अंगठ्याला टोचलं. तर्जनीला. मधल्या बोटाला. परत अंगठ्याला, जरा जोरात. मामा ओठ मिटून, कान देऊन बसला होता. या वेळी खोटं 'हो' म्हणायचं नाही असं त्याने ठरवलेलं दिसत होतं.

बराच वेळ गेला.

"करा की सुरू," मामा म्हणाला.